जरा ऑर्डिनरी म्हणजे किती

टुवूम्बा,
शुक्रवार, ३० मे

प्रिय डॅड,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. मी बरी आहे. इथे थंडी सुरू झाली आहे. पहाटे तीन अंश असतात आणि माझ्या खोलीतला हीटर एकाच बाजूने तापतो, म्हणून दर अर्ध्या तासाने मी खुर्ची फिरवते. आपल्या गुरांच्या फार्मवर, नाईन माइलवर, सकाळी दंव पडत असेल. कुत्रीला घरात घेतोस ना? तू नाहीच म्हणशील. पण शॅझने मला फोनवर सांगितलं की ती टपाल टाकायला आली तेव्हा टिली तुझ्या पलंगावर घोरत होती आणि तिला उठवू नकोस म्हणून तू शॅझलाच दटावलंस.

पंप दुरुस्त झाला हे वाचून बरं वाटलं. वॉशर मी पाठवले होते तेच बसले का? मी माप दोनदा तपासलं होतं.

मी नक्की काय काम करते हे तुला कधी नीट सांगितलं नाही. तू लोकांना 'पोरगी कम्प्युटरमध्ये आहे' असं सांगतोस, तेही चूक नाही. तुझ्यासारखी माणसं, ज्यांचा शेजारी चाळीस किलोमीटरवर आणि डॉक्टर चारशे किलोमीटरवर असतो, ती आजारी पडली की आमच्या सेवेला फोन करतात. फोन नर्स घेते. तिच्यासमोर कम्प्युटरचा पडदा असतो आणि पेशंट जे बोलेल ते ती टाइप करते. पडदा हिरवा झाला तर ती घरातल्या औषधपेटीतल्या एखाद्या नंबरची गोळी घ्यायला सांगते आणि उद्या परत फोन करा म्हणते. पिवळा झाला तर लगेच डॉक्टर बोलतात. लाल झाला तर विमान निघतं.

अडचण अशी की आपल्याकडची माणसं 'छातीत दाब आहे' असं बोलत नाहीत. ती म्हणतात 'जरा क्रूक आहे', म्हणजे बरं नाही, किंवा 'पाय बंग झालाय', म्हणजे बिघडलाय. शहरातून आलेल्या नर्सला त्यातलं निम्मं कळत नाही आणि कम्प्युटरला काहीच कळत नाही. म्हणून शब्दांचा एक तक्ता लागतो. तो मी करते. सध्या त्यात दोनशे बारा ओळी आहेत. प्रत्येक ओळीत बोलीतला शब्द, तो कुठून आला, आता त्याचा अर्थ काय, दुखण्याचं वजन किती आणि ही माहिती कोणाकडून मिळाली, म्हणजे स्रोत.

आता तुझ्या पत्राबद्दल.

दुसऱ्या पानावर, पंपानंतर आणि डिंगो रानकुत्र्यांच्या आधी, तू लिहिलं आहेस: 'सकाळी उठल्यावर जरा ऑर्डिनरी वाटतं. डावा हात बंग आहे, हँडल मारून असेल. यॅका कमी करतोय.' या तीन ओळी मी बऱ्याचदा वाचल्या. तू काम कमी करतोयस हे मी तुझ्या हस्ताक्षरात पहिल्यांदाच वाचलं. त्यामुळे काही गोष्टी विचारते, उत्तरं नेमकी दे. सकाळी म्हणजे उठल्या उठल्या, की गेटपर्यंत चालून आल्यावर? बसलं की थांबतं का? किती वेळ टिकतं? हात बंग म्हणजे दुखतो, की जड होतो, की मुंग्या येतात? पंपाचं हँडल तू उजव्या हाताने मारतोस. मी लहानपणापासून पाहिलंय.

आपल्या शेजारच्या लेसच्या अंत्यविधीला मला येता आलं नाही. कामात होते. त्याच्या बायकोला, बेरिलला, कार्ड पाठवलं आहे. तू लिहिलंयस की 'फोनवर बसलेल्या कुठल्याशा शहाण्याने लेसला उद्या फोन कर म्हणून सांगितलं आणि तो त्याच दुपारी गेला'. त्याबद्दल मी आत्ता काही लिहीत नाही.

आणखी एक. सहा वर्षांपूर्वी नाताळच्या जेवणात तू डिंकमची गोष्ट सांगत होतास. तुझ्या पणजोबांनी सोन्याच्या खाणीवर चिनी माणसाच्या तोंडून 'खरं सोनं' असं काहीतरी ऐकलं आणि त्यातून डिंकम, म्हणजे अस्सल, हा शब्द झाला. मी तेव्हा नुकतीच पहिल्या वर्षाची परीक्षा दिली होती. मी सगळ्यांसमोर म्हणाले की हे खोटं आहे, तो शब्द इंग्लंडातल्या खेड्यांतून आला आणि तिथे त्याचा अर्थ काम असा होता. शब्दकोशातलं पानसुद्धा सांगितलं. लेस टेबलावर हात आपटून म्हणाला, "प्राऊझी, पोरीनं तुझी खाणच बंद केली रे!" सगळे हसले. तूही हसलास. पण त्यानंतर तू मला एकाही शब्दाची गोष्ट सांगितली नाहीस. माहिती बरोबर होती, पण ती सांगण्याची वेळ चुकली.

मेहेरबानी करून फोन कर. नंबर औषधपेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला आहे.

तुझी,
टेगन


टुवूम्बा,
शनिवार, १४ जून

प्रिय डॅड,

तुझं उत्तर बैलांच्या लिलावाच्या कॅटलॉगच्या मागच्या पानावर आलं. शॅझ पुढच्या दोन ठिकाणांहून परत येईपर्यंतच्या अडीच तासांत तू ते लिहिलंस हे उघड आहे, कारण शेवटची ओळ तिरकी होत कडेच्या बाहेर गेली आहे.

मी तब्येतीचे चार प्रश्न विचारले होते. तू एकाचंही उत्तर दिलं नाहीस. 'होईल नीट' एवढं लिहिलंस आणि मग तीन शब्द.

फर्फी, म्हणजे अफवा: पहिल्या महायुद्धात छावणीत पाण्याच्या गाड्या असत, त्यांच्यावर बनवणाऱ्याचं नाव लिहिलेलं असे, सैनिक पाण्यापाशी जमून वाटेल त्या बातम्या पसरवत. यॅका, म्हणजे काम: ब्रिस्बेनकडच्या यगारा लोकांचा शब्द. बंग, म्हणजे बिघडलेलं: त्यांचाच शब्द, त्यांच्याकडे अर्थ 'मेलेला'. आणि प्रत्येकापुढे पान नंबर. तू फिरत्या ग्रंथालयाच्या गाडीतून शब्दकोश आणलास. मी तिन्ही ताडून पाहिले. तिन्ही बरोबर आहेत.

मला याचा किती आनंद झाला हे मी लिहिणार होते. पण मग मी ते पान परत वाचलं आणि तुझ्या डाव्या हाताला तू कोणता शब्द वापरला आहेस तेवढंच दिसायला लागलं.

मी शॅझला फोन केला. तू रागावशील, पण केला. ती काय म्हणाली ते जसंच्या तसं लिहिते.

"तुझा म्हातारा ना? बरा आहे गं. म्हणजे, मला शिव्या दिल्या नाहीत त्यानं."

मी विचारलं, शिव्या दिल्या नाहीत म्हणजे?

"अगं, दर गुरुवारी मी दहा मिनिटं उशिरा येते आणि दर गुरुवारी तो म्हणतो, 'काय शॅझ, वाटेत लग्न उरकलंस वाटतं?' या वेळी काहीच नाही. गाडीच्या फळीवर बसून राहिला. खाद्याची पोती मीच उतरवली. म्हटलं, प्राऊझी, मालक झालास का रे? तर नुसता हसला. घाम आला होता त्याला."

बाहेर किती तापमान होतं, मी विचारलं.

"अकरा असेल. वारा होता." मग तिने विचारलं, "टेगन, हे मी तुला आधी सांगायला हवं होतं का?"

मी तिला म्हणाले की नाही, तिची काही चूक नाही. मग मी आमच्या डॉक्टरांना, डॉ. नोरा लिंडमनना, सांगितलं. त्यांनी तुला बुधवारी फोन केला. तू म्हणालास, "मी मस्त आहे डॉक्टर, पोरगी उगाच घाबरते." त्यांनी छातीबद्दल विचारलं तर तू त्यांना पाऊस किती झाला ते विचारलंस. त्या मला म्हणाल्या, "माणूस शुद्धीवर आहे, साठी उलटलेला आहे, नाही म्हणतोय. मी त्याला उचलून आणू शकत नाही." मी नंतर स्वतः फोन केला तेव्हा तू 'कामात आहे' म्हणून ठेवून दिलास. तो फोन अकरा सेकंदांचा होता.

त्यामुळे आता मला ते लिहावं लागणार आहे, जे मी मागच्या पत्रात लिहिलं नाही.

लेसने ११ एप्रिलला सकाळी दहा वाजून चार मिनिटांनी फोन केला. तो फोन रेकॉर्ड झालेला आहे आणि तो मी ऐकला आहे. कामाचा भाग म्हणून एकदा, त्यानंतर काम म्हणून नाही. तो मला पाठ झाला आहे.

लेस म्हणाला, "माफ करा हं, कामाच्या वेळी त्रास देतोय."

नर्सने काय होतंय विचारलं.

"काही नाही हो. जरा ऑर्डिनरी वाटतंय. बेरिलनं बळेच फोन लावायला लावला, नाहीतर मी कशाला."

मागून बेरिलचा आवाज येतो, "छातीचं सांग की! लेस! छातीचं सांग!"

"गप गं, ती बाई बोलतेय ना. छाती थोडी आवळल्यासारखी आहे. अपचन असेल. काल मटण जरा जास्तच हाणलं."

नर्सने विचारलं, शून्य ते दहामध्ये दुखणं किती. लेसने खरोखर विचार केला, डॅड. चार सेकंद शांतता आहे. मग म्हणाला, "दोन? घोडीनं लाथ घालून मांडी मोडली होती ना, ते पाच होतं."

नर्सने ते सगळं टाइप केलं. तिने काही चूक केली नाही. 'आवळल्यासारखी' पिवळ्याकडे नेत होतं. 'ऑर्डिनरी' आणि 'दोन' यांनी ते खाली ओढलं. पडदा हिरवा झाला. तिने त्याला अपचनाची गोळी सांगितली आणि उद्या सकाळी परत फोन करा म्हणाली. लेस म्हणाला, "फार उपकार झाले. तुमच्याकडे पाऊस आहे का?" आणि फोन ठेवला. दुपारी तीन वाजता तो बेरिलला पाण्याच्या टाकीजवळ सापडला.

तो शहाणा मी आहे. 'ऑर्डिनरी' ही माझ्या तक्त्यातली एकतिसावी ओळ आहे. वजन: कमी. चारशे दहा रेकॉर्डिंगमध्ये हा शब्द आला होता आणि त्यांपैकी तीनशे शहाण्णव जणांना किरकोळ काहीतरी होतं. मी आकडे पाहिले आणि वजन ठरवलं. आकड्यांत चूक नाही. बहुतेक फोन गावांतून येतात, तरुण लोकांचे. लेससारखी माणसं त्या चारशे दहांत जवळजवळ नव्हतीच, कारण ती फोनच करत नाहीत.

इथपर्यंत मी चौकशी समितीला लिहून दिलं आहे. समिती २ जुलैला बसणार आहे. इथून पुढचं दिलेलं नाही.

मला माहीत होतं. मी अकरा वर्षांची असताना चारचाकी मोटरसायकल तुझ्या अंगावर उलटली होती. तू चालत घरी आलास, स्वयंपाकघरात बसलास आणि म्हणालास, "चहा टाक गं टेग, जरा ऑर्डिनरी वाटतंय." मी चहा टाकला. बिस्किटं दिली. तू माझा भूमितीचा गृहपाठ तपासलास. आई गावाहून आली तोपर्यंत चार तास गेले होते. तुझ्या तीन बरगड्या मोडल्या होत्या आणि एक फुप्फुसात घुसली होती. त्या दिवसापासून मला त्या शब्दाचं वजन माहीत आहे. तुम्ही लोक दुखणं जितकं मोठं तितका शब्द लहान वापरता. हे कुठल्याही रेकॉर्डिंगमधून नाही, मला घरातून माहीत आहे.

तक्त्याच्या पहिल्या मसुद्यात मी एक जादा रकाना ठेवला होता: कोण बोलतंय. पन्नाशीच्या पुढचा, दूरवरच्या गुरांच्या फार्मवरचा माणूस असेल तर वजन दोन पायऱ्या वर. डॉ. लिंडमननी समासात एवढंच लिहिलं: 'पटण्यासारखं आहे. स्रोत?'

स्रोत एकच होता, केल्विन प्राऊझ, नाईन माइल. मला एवढंच लिहायचं होतं. मी तो रकाना काढून टाकला.

याचं कारण मी स्वतःला 'एका माणसावरून नियम करता येत नाही' असं सांगितलं. ते शास्त्राला धरून आहे. पण खरं कारण वेगळं आहे. कॉलेजात पहिल्या वर्षी मी तोंड उघडलं की मुलं माझी नक्कल करायची. मी कँटीनमध्ये 'स्मोको' म्हणाले, चहाच्या सुट्टीला, तर तीन महिने माझं नाव स्मोको पडलं. मी दोन सत्रांत तसं बोलणं पूर्ण बंद केलं. बातम्या वाचणाऱ्यांसारखं बोलायला शिकले. आणि मग माझं नाव असलेल्या एका गंभीर कागदावर मला माझ्या बापाचं बोलणं पुरावा म्हणून द्यायची लाज वाटली. एवढंच आहे.

मी अंत्यविधीला आले नाही कारण बेरिलने मला मिठी मारली असती.

हे वाचून तू माझ्याशी बोलला नाहीस तर मला समजेल. पण फोन कर. मला नको, डॉ. लिंडमनना कर. आणि 'मस्त' म्हणू नकोस.

टेगन


शॅझच्या गाडीत, बॅरोगा ते नाईन माइल,
गुरुवार, २६ जून

प्रिय डॅड,

अक्षर वाईट आहे कारण रस्ता वाईट आहे. शॅझ म्हणते की इथे रस्ता सपाट करणारं यंत्र शेवटचं आलं तेव्हा ती चाळीस किलोने हलकी होती. मी काल विमानाने बॅरोग्याला आले, रात्र तिच्या घरी काढली आणि सकाळी सहा वाजता टपालाच्या थैल्या आणि कोंबड्यांच्या खाद्याच्या मध्ये बसून निघाले. आता नऊ वाजले आहेत. मला हे तोंडाने सांगता येणार नाही, म्हणून लिहिते आहे. तुझ्या हातात मीच देईन.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. लिफाफा उघडायला मला वीस मिनिटं लागली.

तू माझ्या कबुलीबद्दल एक शब्दही लिहिला नाहीस. 'तू असं कसं केलंस' नाही, 'जाऊ दे' नाही. सगळ्यात वर 'चौकशीवाल्यांसाठी' असं लिहून खाली रेघ मारलीस आणि मग हे:

'नाईन माइलवर आणि आसपास माणसं जे बोलतात त्याचं खरं वजन. नॉट बॅड: बरा आहे. जरा क्रूक: डॉक्टरला फोनवर बोलव. ऑर्डिनरी: विमान पाठव. माफ करा त्रास देतोय: विमान अर्ध्या तासापूर्वी पाठवायला हवं होतं. मस्त आहे: खोटं बोलतोय. साठीच्या पुढच्या माणसांना लागू. स्रोत: केल्विन प्राऊझ, वय सदुसष्ट, सगळा जन्म इथेच. साक्षीदार: टिली.' आणि टिलीच्या नावासमोर चिखलाचा पंजा उमटवला आहेस. ती मुकाट्याने उभी राहिली नसणार. पानभर चिखल आहे.

त्याखाली: 'माझं नाव घाल. स्पेलिंग नीट लिही, झेड नाही, एस आहे.'

आणि मग पान उलटून, पेन्सिलीने, इतकं फिकट की मला ते खिडकीशी धरून वाचावं लागलं. 'लेस मला त्या दिवशी सकाळी आठला सामाईक कुंपणापाशी भेटला होता. म्हणाला, ऑर्डिनरी वाटतंय रे प्राऊझी. मी म्हणालो, होईल नीट. मला शब्द कळला होता टेग. तुझ्या तक्त्याच्या दोन तास आधी कळला होता. मी तार ओढत राहिलो.'

डॅड, मी हे वाचून फरशीवर बसले. खुर्ची होती, तरी.

एप्रिलपासून तू फोनवाल्यांवर इतका का चिडला होतास ते मला आता कळलं. सकाळी उठल्यावर तुला जे होतंय ते तू कोणालाच का सांगत नाहीस, तेही मला वाटतं कळलं. लेसला मिळालं नाही ते आपण का मागावं, असं काहीतरी. मी चूक असेन तर सांग. माझ्याकडे याला पुरावा नाही.

मी तुला 'तुझी चूक नाही' असं लिहिणार नाही, कारण तूही मला लिहिलं नाहीस आणि ते बरं केलंस. तो शब्द तुला येत होता आणि मलाही येत होता. लेसने तो दोघांनाही सांगितला, तुला तोंडावर आणि मला फोनवर. समितीसमोर मी दोन्ही कागद ठेवणार आहे, माझा आणि तुझा. मागच्या पानाचं मी कोणाला दाखवलेलं नाही. ते दाखवायचं की नाही ते तू ठरव.

पुढचं पान मात्र मी त्याच दिवशी दुपारी डॉ. लिंडमनच्या टेबलावर ठेवलं. शेजारी तुझं मेमधलं पत्र ठेवलं, पान दुसरं. त्यांनी आधी यादी वाचली, चिखलापाशी थांबल्या, मग पत्र वाचलं. मला म्हणाल्या, "हा तोच माणूस ना, जो मला मस्त आहे म्हणाला?" मी हो म्हणाले. त्यांनी परत यादी पाहिली. "त्याच्या स्वतःच्या हिशेबाने तो खोटं बोलतोय, आणि महिन्यापूर्वीच विमान निघायला हवं होतं." मग त्यांनी मला बाहेर जायला सांगितलं आणि फोन उचलला.

म्हणजे हे मी केलेलं नाही. तुझ्या सहीच्या कागदाने केलं आहे.

विमान आज अकरा चाळीसला उतरतं आहे, त्याआधी एकही मोकळं नव्हतं. आपल्याकडची धावपट्टी वाळूने भरली आहे, म्हणून लेसच्या पट्टीवर. मी काल बेरिलला फोन केला. एकतिसाव्या ओळीचं तिला सगळं सांगितलं, म्हणजे शेवटी सांगितलंच. मला तिच्या स्वयंपाकघरातल्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. मग तिने विचारलं, "पट्टी किती वाजता लागेल?" मी वेळ सांगितली. ती म्हणाली, "कांगारू फार झालेत, हाकलायला दोनदा फिरावं लागेल," आणि फोन ठेवला. शॅझ आत्ताच मला बोटाने दाखवत होती. डावीकडे क्षितिजावर धुळीचा एक लोट पुढे जातोय आणि मागे येतोय. बेरिल ट्रॅक्टरमागे टायर बांधून पट्टी साफ करते आहे.

शॅझ विचारते, "एवढं काय लिहितेस गं? त्याच्याशी बोल की सरळ."

मी म्हणाले, आमच्यात तशी पद्धत नाही.

"आमच्यातही नाही," ती म्हणाली. "म्हणून तर मला दोन घटस्फोट." मग आम्ही हसलो.

मला भीती वाटते आहे, डॅड. हे मी कुठल्याही लहान शब्दात सांगणार नाही. मंगळवारपासून मी झोपले नाही. प्रत्येक फाटकापाशी शॅझ उतरते तेव्हा मला वाटतं की आपल्याला उशीर झाला आहे. अजून चार फाटकं आहेत. शेवटच्या टेकडीवरून घराचं छप्पर दिसतं. मी धुराड्यातून धूर निघतो का ते पाहणार आहे आणि धूर दिसेपर्यंत श्वास घेणार नाही.

दिसला तर हे असं होईल. मी गाडीतून उतरेन आणि तुला हे कागद देईन. तू मला विचारशील की मी इथे काय करते आहे. मी उत्तर देणार नाही. तू खुर्चीत बसून वाचशील, चष्मा कपाळावरून खाली ओढशील. शॅझ गाडीचं इंजिन बंद करणार नाही, तसं आमचं ठरलं आहे. टिलीला ती सांभाळेल. पंप, गुरं, फाटक, सगळं बेरिल आणि तिचा भाऊ बघतील, मी विचारून घेतलं आहे. तुझी टोपी आणि चष्मा मी घेते. तुला फक्त गाडीपर्यंत चालायचं आहे, एकोणीस पावलं, आणि तीही एकट्याने नाही.

तुझ्या वेगाने हे वाचायला सहा मिनिटं लागतात. मी व्हरांड्याच्या पायरीवर घड्याळ हातात धरून उभी आहे. सातव्या मिनिटाला मी आत येऊन कागद तुझ्या हातातून काढून घेणार आहे.

दाराबाहेर,
तुझी टेग